फितीचं दुसरं टोक

विश्वास ठेवाच असं म्हणणार नाही. पटवून द्यायला माझ्यात तेवढा जीव उरलेला नाही. पण घडलं ते असंच, आणि माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत.

गावाबाहेरची जुनी धार्मिक पाठशाळा. कित्येक वर्षं बंद. तिथे आता दवाखाना होणार होता, म्हणून नकाशांचं काम आम्हाला मिळालं. दादा मापं घेणार, मी कागदावर उतरवणार. त्याचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं.

"त्याला सांभाळून घरी आण गं," वहिनी रोज बजावायची.

इमारत भक्कम. हातभर जाड भिंती. दारं बुटकी; आत शिरताना प्रत्येकाची मान वाकावी म्हणून. खिडक्या थेट छताजवळ. मुलांनी बाहेर बघू नये म्हणून.

मुलं वरच्या मजल्यावर झोपायची. एकापुढे एक खोल्या, सगळी दारं एका रेषेत.

"पोरांना बोलायची बंदी होती," तिथले रखवालदारकाका म्हणाले. "मोठं माणूस काम करताना दिसलं की गुपचूप मदतीला हात लावायचा. हीच शिस्त."

मापाची फीत या सगळ्या दारांतून सरळ जायची. मी या टोकाला, दादा त्या टोकाला, मध्ये अंधार. ओरडलं की त्याला धाप लागे. म्हणून आमचं ठरलेलं, टोक भिंतीला टेकवलं की फितीला हिसका द्यायचा.

त्या दुपारी हिसका आला. मी माप लिहिलं.

"दादा, थोडं डावीकडे."

टोक सरकलं. पुन्हा हिसका... जरा हलका.

आणि माझ्या मागून आवाज आला.

"अगं, मी खाली पायरीवर बसलो होतो. दम लागला."

दादा माझ्या पाठीमागे उभा होता.

फीत अजून ताणलेलीच...

माझी पाचावर धारण बसली. दादा मात्र खाली वाकला आणि दारांतून आत बघत राहिला. बराच वेळ.

"सोड रे बाळा," तो हळूच म्हणाला.

फीत सैल पडली.

मी त्याला ओढतच घरी आणलं. दुसऱ्या दिवशी तो मला न घेता निघाला.

"तू नको येऊस. उगाच दगदग."

दोन माणसांचं काम तो एकट्याने करू लागला. मापं मी ताडून पाहिली. एकही चुकलं नव्हतं.

"एकटा कसा मोजतोस रे?"

"एकटा कुठे?"

त्याची धाप कमी झाली. वहिनी खूश. मी गप्प बसले. खरं सांगते, त्याच्या आजारपणात मीही पार थकून गेले होते. कुणीतरी हात लावतंय, एवढं पुरेसं वाटलं.

काल संध्याकाळी त्याला आणायला गेले. जिना उतरताना तो थांबला, वर बघून म्हणाला, "येतो उद्या."

वरून कुणी काही बोललं नाही... दादाने मात्र मान डोलावली.

नकाशे केव्हाच देऊन झालेत. तिथे मोजायचं काही उरलेलं नाही.

आज सकाळी वहिनी कामावर गेल्यावर तो निघाला. काखेत अंथरूण होतं.

ती आता येईलच. तिला काय सांगू, मला कळत नाही...