अर्धा अर्धा लेप

दहा वाजले की खळ्यातलं यंत्र थांबायचं आणि मिश्रीची डबी फिरायला लागायची. यंत्र नवं होतं. कॅमेऱ्याच्या डोळ्यानं कांद्याचा आकार बघायचं, रंग बघायचं, बघता बघता गोणी निवडून मोकळं व्हायचं. पण आतून सडलेला कांदा त्याला काही केल्या कळत नसे, कारण त्याला नाक नव्हतं. म्हणून सात बायकांची नाकं अजून रोजावर होती. लासलगावच्या बाजूचं ते पत्र्याचं खळं, चैत्रातच तव्यासारखं तापलेलं.

त्या सातजणींत चांगुणा गांगुर्डे सगळ्यांत बोलघेवडी. तिच्या एका गोष्टीतल्या कांद्यानं अख्खी पंगत रडवली होती, नवरदेव घोड्यावरून खाली उतरवला होता, आणि शेवटी घोडंसुद्धा हुंदके देत घरी गेलं होतं. असल्या गोष्टी ऐकत बायकांचा दिवस कसा सरायचा ते कळायचं नाही. यंदा मात्र चांगुणा गोष्ट अर्ध्यावर टाकायची आणि नुसतीच कांदा हुंगत बसायची. डाव्या गालाच्या आतून चट्टा झाला होता. बोललं की घासायचा, घासला की आग व्हायची, आणि आगीपेक्षाही जास्त कंटाळा यायचा. स्वतःच्याच तोंडाचा कंटाळा.

चाळीस वर्षं रोज दोनदा मिश्री. नाशिकच्या देवरे डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला, कॅन्सर आहे म्हणून सांगितलं, आणि अर्धा जबडा काढावा लागेल म्हणाल्या. चांगुणाला मरणाचं एवढं वाटलं नाही. अर्ध्या जबड्यानं बोलायचं कसं, याचं वाटलं. मग डॉक्टरांनीच दुसरी वाट काढली. नवा लेप होता, अजून चाचणीत असलेला. साठ दिवस, दिवसातून तीनदा लावायचा. चट्टा आटला तर नुसता गालाचा तुकडा काढून भागेल. नाही आटला, तर जबडा.

लेपाचं नाव कुलपी लेप. डॉक्टरांनी तो समजावला तेव्हा चांगुणाला कंटाळ्यातही मजा वाटली. अंगात हजार जातीची विकरं असतात म्हणे. कुणी अन्न फोडतं, कुणी रक्त गोठवतं, आणि काहींचं काम कात्रीचं. गाल ज्या बारीक धाग्यांच्या जाळीवर उभा असतो, ती जखमेनंतर जुनी झाली की ही कात्री तेवढी कापते, नवी जाळी विणायला जागा करून देते आणि गपचूप मिटते. कॅन्सर मात्र ही कात्री मिटूच देत नाही. जाळी कापत सुटतो आणि मोकळ्या जागेत हातपाय पसरतो. लेपातलं औषध कुलपात बंद असतं, आणि त्या कुलपाला फक्त तीच कात्री लागते. कॅन्सर सवयीनं कापायला जातो, कुलूप तुटतं, औषध त्याच्याच डोक्यावर पडतं आणि ती जागा जांभळी होते. चांगल्या मांसावर लेप नुसता खडूसारखा बसतो. पाव तासानं चूळ भरली की पांढरा निघून जातो.

खळ्यात येऊन चांगुणानं हे आपल्या पद्धतीनं सांगितलं. म्हणाली, उंदरानं स्वतः दार वाजवून विष मागून न्यावं, तसलं औषध आहे हे.

पहिल्या वीस दिवसांत जांभळा डाग लिंबाएवढा होता तो चिंचोक्याएवढा झाला. फोनवरचा फोटो बघून डॉक्टर खूश. चांगुणाची मिश्री मात्र सुटली होती, आणि त्याचा राग डबीच्या मालकिणीला, म्हणजे भागीरथाबाईला आला होता.

भागीरथाबाई म्हणजे चांगुणाची विहीण. चांगुणाची लेक तिच्या घरात दिलेली. लग्नात तिनं चांगुणाला दिलेलं मानाचं पातळ विटकं निघालं होतं, ते पातळ केव्हाच फाटून पायपुसणं झालं, पण बोलणं अजून कोरं होतं. खळ्याचा रिवाज असा की डबी फिरली की प्रत्येकीनं बोट घालायचं. कुणी नाही म्हटलं तर तो डबीचा नाही, घराचा अपमान.

त्या दिवशी चांगुणानं डबी पुढं सारली आणि पदराआडून लेपाची नळी काढली, तशी भागीरथाबाई म्हणाली, "आमच्या डबीला तुमचं बोट लागंना, अन् तुमची डबी आमच्यापर्यंत येईना. सोयरीक मोडायची का काय, ईनबाई?"

बाकीच्या हसल्या. चांगुणाला आता भांडायचं त्राण नव्हतं. तिनं नळी दिली फिरवून. सहाही जणींनी मिश्रीसारखाच बोटभर लेप हिरड्यांना, ओठांच्या आतून घासला, चवीला तोंडं वाकडी केली, आणि पाव तासानं नळावर चुळा भरल्या. पाचजणींच्या तोंडात काही राहिलं नाही. भागीरथाबाईच्या खालच्या ओठाच्या आतल्या अंगाला गव्हाच्या दाण्याएवढा जांभळा ठिपका राहिला. तिनं पुन्हा चूळ भरली. पुन्हा भरली. पदरानं पुसलं.

"जांभळं खाल्ली सकाळी," ती म्हणाली.

चैत्रात जांभूळ कुठून आलं, हे बाकीच्या सहांतल्या एकीनंही विचारलं नाही. सगळ्या उठून कांद्याला लागल्या.

दुपारी भागीरथाबाई गोण्यांच्या आडोशाला चांगुणापाशी आली. घरी सांगू नका म्हणाली. तिचा नवरा असल्याच दुखण्यानं गेला होता. आधी ओठ कापला, मग जीभ, मग पुढं काही कापायला राहिलंच नाही. मी त्या ऑपरेशनच्या टेबलावर चढणार नाही म्हणाली. मागितलं काहीच नाही तिनं. मागणारी बाईच नव्हती ती. नुसती नळीकडं बघत उभी राहिली.

चांगुणाला वाटलं, डबी वाटून खातो तशी नळी वाटून खाऊ. आपला चट्टा तर निम्म्याच्याही खाली आलाच आहे. तीन वेळच्या लेपातला प्रत्येक वेळी अर्धा आपला, अर्धा ईनबाईचा. झाकणाला मोजणी होती, किती वेळा दाबलं ते दवाखान्यात कळायचं. पण दाबायचं तेवढंच होतं. लावायचं दोघींनी.

नऊ दिवस दोघी गोण्यांच्या आड समोरासमोर बसून एकमेकींच्या तोंडात बघायच्या. वीस वर्षांत एवढ्या जवळ त्या कधी बसल्या नव्हत्या. पातळाचा विषय मात्र दोनदा निघालाच.

दहाव्या दिवशी देवरे डॉक्टरांचा फोन आला. चांगुणाला नाशिकला बोलावलं होतं.

डॉक्टरांनी आरसा घालून गाल बराच वेळ बघितला. मग खुर्चीत मागं टेकून विचारलं, लेप कमी पडतोय का म्हणून. चांगुणानं आधी उंदराचं सांगितलं. उंदीर नळी कुरतडतो. मग शेळीचं सांगितलं, शेळी चाटून गेली आणि तेव्हापासून लय तरतरीत झालीय. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी सकाळपासून चाळीस तोंडं बघितली होती.

"मावशी," त्या म्हणाल्या, "डाग आटायचा थांबलाय. आणि त्याच्या कडेला पांढरी किनार आलीय. सुजलेली, पण जांभळी होत नाहीये. अर्ध्या औषधानं असं होतं. ज्या पेशी ही कात्री चालवतात त्या मरतात. ज्यांनी ती टाकून दुसऱ्याच जातीची कात्री धरली, त्या जगतात. आपलं कुलूप त्यांना तोडताच येत नाही. मग औषध बाहेर कसं येणार? कुणाला देताय तुम्ही?"

चांगुणानं सांगितलं. यावेळी शेळी नाही, काही नाही. सांगताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटला, इतका सरळ होता तो.

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. वाटून दोघींचं अर्धं अर्धं बरं होत नाही, दोघींचं दुखणं शहाणं होतं, एवढंच बोलल्या. चाचणीत आता नवी बाई घेता येत नव्हती. भागीरथाबाईचा ठिपका लहान होता, लवकर आणलं तर ओठातून शेंगदाण्याएवढा तुकडा काढून भागण्यासारखं होतं. पण आणखी चार महिने लपवला तर नाही.

"आणि माझं?" चांगुणानं विचारलं.

"उद्या या. त्यांना घेऊन या. पुरा लेप मी स्वतः जाड लावून बघते. ती पांढरी किनार जांभळी झाली तर अजून तिच्यात ती कात्री आहे, लेप चालेल. नाही झाली तर जबडा. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

भागीरथाबाईला तयार करायला चांगुणाला संध्याकाळ लागली. गोष्ट सांगून बघावी असं आधी मनात आलं, मग ती म्हणाली, "ईनबाई, तुमच्या नवऱ्याला उशीर झाला होता. तुम्हाला झाला नाही. मला वाटून खायची हौस होती, ती माझ्या गालाला बाधली. आता तुम्ही घरी लपून बसलात तर माझे नऊ दिवस कोणाच्या कामी आले, ते तरी सांगा."

भागीरथाबाईनं पदर खोचला. मग म्हणाली, "पातळ खरंच विटकं होतं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यावर उभी राहिली.

दवाखान्यात तिच्या ओठाची तपासणी झाली. तुकडा काढायला मंगळवारची तारीख मिळाली. तिनं कागदावर अशी सही केली की अक्षर वाचायला सही करणारीच लागावी. मग चांगुणाची पाळी आली. डॉक्टरांनी डाव्या गालाला आतून जाड लेप थापला, भिंतीवरचं घड्याळ दाखवलं आणि पाव तास तोंड बंद ठेवून बसायला सांगितलं.

पाव तास गप्प बसणं चांगुणाला आयुष्यात जमलं नव्हतं. तिनं भागीरथाबाईचा हात धरला. आजवर दोघींनी जांभळ्या रंगाला भिऊन चुळा भरल्या होत्या. आज दोघी त्याच रंगाची वाट बघत होत्या.

घड्याळाचा काटा फिरला. चांगुणानं चूळ भरली. बेसिनमध्ये पांढरं पाणी गेलं. आरसा डॉक्टरांच्या हातात होता, पण तिनं मान वळवून गाल भागीरथाबाईकडं केला, बोटानं ओठ ओढून धरला. भागीरथाबाईनं फोनचा उजेड आत टाकला आणि वाकली. इतकी वाकली की तिचा श्वास चांगुणाच्या हनुवटीला लागला.

उजेड किनारीवरून एकदा फिरला, पुन्हा फिरला.

"ईनबाई," ओढलेल्या ओठानं चांगुणा म्हणाली, "किनारीला कुठं, कणभर तरी, जांभळं दिसतंय का?"