कच्ची शिवण

दिवा जरा इकडे सरकव, म्हणजे हाताखालचं दिसेल. या झबल्याला मी कुणाला हात का लावू देत नाही, असं विचारलंस ना? तू धाकटी जाऊ, घरात नवीन. तुला सांगायला हवं.

गेल्या वर्षी एका दुपारी मी फक्त बटणं आणायला माळ्यावर गेले होते. जुनी पेटी उघडली, तर बटणांच्या डब्यावर माझा निळा झगा पडलेला. मीच कोंबून ठेवलेला.

पोटुशीचा झगा शिवायची आपल्या दुकानाची एक पद्धत आहे. दोन्ही कुशींना भरपूर कापड आत दुमडायचं आणि वरून नुसती कच्ची शिवण घालायची. पोट वाढेल तशी ती थोडी थोडी उसवायची. हा झगा मी हौसेने स्वतःसाठी शिवला होता. एकही टाका उसवायची वेळ आली नाही. तिसरा महिना सरता सरता, एका सकाळी, सगळं संपलं.

आणि आता त्याची एक कूस बोटभर उसवलेली होती. उंदराने कुरतडलेली नव्हे, टाके एकेक करून नीट काढलेले. दोऱ्याचं टोक ओलं होतं.

"आई, तुम्ही पेटी उघडली होती का?" मी सासूबाईंना विचारलं.

"मला जिना चढवत नाही, माळ्यावर कसली जातेय मी!" मग झगा पाहून त्यांचा आवाज खाली आला. "कच्ची शिवण घालून पेटीत टाकलास? अगं, एक तर शिवावं, नाहीतर उसवावं. अर्धं ठेवू नये... आणि दोरा तोंडात कुणी घातला?"

तुला ठाऊकच आहे, आपल्याकडे दोरा कुणी तोंडात धरत नाही. गिऱ्हाइकाच्या कापडाला डाग पडतो. त्यासाठी मशीनपाशी पाण्याची वाटी असते.

मला तो शिववेना, उसववेना. परत ठेवून दिला. पण दर वेळी वर जावं तर कूस आणखी थोडी मोकळी झालेली, आणि त्या धुळकट माळ्यावर कोमट दुधाचा वास. शेवटी नवऱ्याला नेऊन दाखवलं. त्याने उसवलेली कूस बोटांनी मापली.

"सातवा सरत आला असता..." एवढंच म्हणाला आणि खाली गेला. तोही मनात महिने मोजत होता, हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टरीणबाईंना झग्याचं सांगितलं नाही. मनात सलत होतं तेवढंच विचारलं. "त्या आठवड्यात मी मशीन उचललं होतं. त्यानेच झालं ना?"

"नाही. उचलण्याने, धावपळीने असं होत नाही. बहुतेक वेळा गर्भाची घडणच सुरुवातीला चुकलेली असते. पुष्कळ जणींचं होतं, कुणी बोलत नाही इतकंच. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही."

"आणि पुन्हा...?"

"शरीर सावरलंय. मनाला वाटेल तेव्हा. बहुतेकींना पुढे मूल होतं."

मी तिथेच ओक्साबोक्शी रडले. मूल तर मला हवंच होतं, पण पुन्हा तेच झालं असतं तर मी उभी राहिले नसते.

नववा भरला असता त्या सुमारास झग्याच्या दोन्ही कुशी पार मोकळ्या झाल्या. मी तो खाली आणला आणि पूर्ण रुंदीवर पक्की शिवण मारली. सासूबाई शेजारी बसून होत्या. "त्याचा नववा पुरा होऊ दे," म्हणाल्या. त्यानंतर माळा शांत झाला.

पुढे मला पुन्हा दिवस गेले. आनंद कसला, जीव मुठीत! बाथरूममध्ये गेलं की आधी कपडे बघायचे, डाग नाही ना. आता पोट दिसायला लागलंय, आत हालचालही कळते. म्हणून गेल्या आठवड्यात धीर करून हे झबलं शिवलं. वीतभर, वाढीचं कापड आत दुमडून, पक्क्या शिवणीचं. हात धुऊन आले तर खालची घडी उसवलेली, बाह्याही मोकळ्या. हे आता तान्ह्याचं राहिलेलं नाही. वर्षाच्या मुलाला येईल. पहिलं असतं तर आज धरून धरून चाललं असतं.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त वाईट वाटलं. म्हटलं, "हे तुझं हो, राजा. पण धाकट्याला येऊ दे..."

आज त्या धाकट्यासाठी दुसरं शिवायला बसले आहे. ही सुई बघ, अजून ओवलेली नाही. वाटीत पाणीही घातलेलं नाही. दोरा मी आत्ता तुझ्यासमोर रिळावरून काढला.

त्याच्या टोकाला बोट लाव.

ओलं आहे ना? आणि कोमट...