अकरा सेकंदांची जवारी

ऑपरेशनच्या दिवशी दस्तगीरभाई शिकलगार सकाळपासून कानशीला हात लावत नसत. कानशीची किरकिर दुपारपर्यंत कानात रेंगाळते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीतलं त्यांचं दुकान त्या दिवशी बंद असे, घरात मिक्सर लागत नसे, आणि त्यांची बायको सुनेला खुणेनंच सांगे की भांडी हळू ठेव. गल्लीतले लोक चेष्टा करत. "तंबोरे करता करता दस्तगीरभाई डॉक्टर झाले, आता सुई टोचायलाही शिकतील," असं कुणीतरी म्हणे. दस्तगीरभाई हसत आणि इस्त्रीचा सदरा चढवून इस्पितळाची वाट धरत.

चार वर्षांपूर्वी डॉ. संयोगिता इंगवले स्वतः त्यांच्या दुकानात आल्या होत्या. त्या मेंदू आणि मणक्याच्या शस्त्रक्रिया करत. जनुकातच चूक घेऊन जन्मलेली माणसं त्यांच्याकडे जास्त येत. अशा काहींच्या मज्जारज्जूत, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या त्या करंगळीएवढ्या दोरात, गाठी वाढतात. गाठ काढायची तर ती आणि चांगले तंतू यांच्यात केसाचंही अंतर नसतं. त्यासाठी एक नवी पट्टी निघाली होती. कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ, मज्जारज्जूवर अंथरायची. तंतूंमधून धावणारी वीज ती टिपायची आणि तिचा आवाज करून ऐकवायची. या पद्धतीला तंतुश्रवण असं नाव पडलं होतं.

"मग संगणकालाच ऐकू दे की मॅडम," दस्तगीरभाई तेव्हा म्हणाले होते.

"तो ऐकतोच. पण त्याला शिकवलंय चारचौघांच्या मज्जारज्जूंवर. माझ्या पेशंटांची घडणच निराळी, त्यातही प्रत्येकाची वेगळी. त्याला सगळंच बेसूर वाटतं आणि तो मिनिटामिनिटाला बोंब मारतो. मला असा कान पाहिजे, ज्याच्यासाठी प्रत्येक वाद्य नवं असतं."

हे मात्र दस्तगीरभाईंना पटलं. तंबोऱ्यासाठी घेतलेले एका वेलाचे दोन भोपळेही सारखे निघत नाहीत, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. वर्षभर रेकॉर्डिंग ऐकून, परीक्षा देऊन ते ऑपरेशनच्या टेबलाजवळ स्टुलावर बसायला लागले. काम एका शब्दाचं. तंतू कुरकुरला की "थांबा" म्हणायचं आणि डॉक्टरांनी हात उचलायचा. अशी एकतीस ऑपरेशनं झाली आणि एकतीस माणसं आपल्या पायांनी घरी गेली. बत्तिसावी होती गिरिजा कोळेकर.

गिरिजा जतची, एकोणीस वर्षांची. रोग घराण्यातच होता; तिचे वडील त्यानंच गेले. तिच्या गाठींनी आधी कानांच्या नसा धरल्या आणि पंधराव्या वर्षी तिला ऐकू येणं थांबलं. ती बोलायची, जरा मोठ्यानं, आणि समोरच्याचं बोलणं तिच्या चष्म्याच्या काचेवर अक्षरांत उमटायचं. सांगलीच्या एका शाळेत ती ऐकू न येणाऱ्या लहान मुलांना बोटांच्या भाषेत गोष्टी सांगायची. आता तिच्या मानेत, मज्जारज्जूच्या आतच, गाठ वाढत होती. ती तशीच ठेवली असती तर वर्षाच्या आत पोरीचा श्वास बंद पडला असता.

आदल्या दिवशी डॉक्टरांनी दोघांची भेट घालून दिली.

"ऐकणारे तुम्हीच का चाचा?" गिरिजानं विचारलं. "मग माझं एक ऐका. पाय गेले तरी चालेल. खुर्चीत बसून गोष्टी सांगीन. पण बोटं सांभाळा. ह्या बोटांवर माझी बावीस पोरं आहेत."

"पाय गेलं तर चालंल म्हणं!" तिची आई शालनबाई कळवळली. "असलं वंगाळ बोलू नगंस गं."

"बोटं माझ्याकडं लागली," दस्तगीरभाई म्हणाले. "तू निवांत झोप."

असला शब्द द्यायचा नसतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पोरीच्या चेहऱ्याकडे बघून तो शब्द तोंडून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सुरुवात झाली. दस्तगीरभाई डोळे मिटून बसले होते. कानांत गिरिजाच्या तंतूंची बारीक सरसर चालली होती, तांदूळ पाखडल्यासारखी. नऊ वेळा त्यांनी "थांबा" म्हटलं आणि नऊ वेळा डॉक्टरांचा हात जागच्या जागी थांबला. दुपारपर्यंत गाठ जवळजवळ सगळी निघाली होती. उजव्या हाताच्या तंतूंना चिकटलेला एक तुकडा तेवढा राहिला होता.

तंबोऱ्याची तार जिथे घोडीवर टेकते, ती जागा कानशीनं घासत घासत अशी करायची असते की तार नुसती वाजत नाही, गुंजायला लागते. तिला जवारी म्हणतात. दस्तगीरभाईंच्या वडिलांनी ती शिकवताना एक नेम घालून दिला होता. जवारी लागली की हात उचलायचा, श्वास धरायचा, आणि तार आपण होऊन विझेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मध्ये बोललास तर हातचा सूर जाईल. लहानपणी एकदा मध्येच बोलल्याबद्दल त्यांनी थप्पडही खाल्ली होती. तेव्हापासून पन्नास वर्षं हा नेम मोडला नव्हता.

पावणेएकच्या सुमाराला त्यांच्या कानात एक आवाज उमटला. आधी एकच बारीक सूर. मग त्याच्या पोटातून दुसरा निघाला, दुसऱ्यातून तिसरा, आणि बघता बघता सगळा कान भरून गेला. दस्तगीरभाईंनी आयुष्यात चारशे तंबोरे जुळवले असतील, पण अशी जवारी एकालाही लागली नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी श्वास धरला. आवाज फुलला, टिकला आणि हळूहळू विझत गेला.

तो विझल्यावर त्या जागी परत सरसर यायला हवी होती. ती आली नाही.

"थांबा," दस्तगीरभाई म्हणाले.

डॉक्टरांनी हात उचलून पडद्याकडे पाहिलं. उजव्या हाताची रेघ सपाट झाली होती. संगणकानं सकाळपासून इतक्या वेळा बोंब मारली होती की नेहमीप्रमाणे त्याचा भोंगा बंद करून ठेवला होता.

गिरिजा वाचली. ती चालतही होती. उजवा खांदा हलायचा, कोपर थोडं वळायचं, त्याच्या खाली काही नाही. रेकॉर्डिंग तपासलं तेव्हा त्या आवाजाच्या सुरुवातीपासून "थांबा"पर्यंत अकरा सेकंद भरले. पहिल्या दोन-तीन सेकंदांत हात उचलला असता तर बोटं राहिली असती, असं चौकशी समितीचं मत पडलं.

"मरणारा तंतू आपली सगळी वीज एकदम सोडून देतो," डॉक्टर इंगवलेंनी त्यांना समजावलं. "इतरांमध्ये तो तडतडतो, चुलीत मीठ टाकल्यासारखा. तिच्या तंतूंवरचं आवरणच जन्मापासून निराळं, म्हणून तो असा वाजला. आधी कुणी ऐकलाच नव्हता. आणि हात माझा होता, दस्तगीरभाई. सगळं एकट्याच्या अंगावर घेऊ नका."

समितीपुढे दस्तगीरभाईंनी एवढंच सांगितलं की मला कळलं नाही. त्यानंतर ते इस्पितळाकडे फिरकले नाहीत. जवारीचं काम त्यांनी मुलाकडे सोपवलं आणि स्वतः भोपळ्यांना पॉलिश करत बसू लागले. घरात आता मिक्सर खुशाल चालायचा. त्यांना जेवण गोड लागत नव्हतं आणि ते कुणाला सांगताही येत नव्हतं.

दोन महिन्यांनी एका दुपारी गिरिजा आईला घेऊन दुकानात आली. उजवा हात झोळीत होता. दस्तगीरभाई धडपडत उठले. बसायला पाट दिला, चहा सांगितला. शालनबाईंनी कपाला हात लावला नाही.

"डाव्या हातानं गोष्टी सांगते आता," गिरिजा म्हणाली. "पोरं म्हणतात, बाई अर्ध्याच गोष्टी सांगतात." ती हसली, पण ते हसू टिकलं नाही. "चाचा, मानेत दुसरी वाढलीय. डाव्या बाजूला. पुढच्या महिन्यात काढणार आहेत. तुम्ही बसायचं."

"मी? नको पोरी. तुझे ते अकरा सेकंद यंत्राला शिकवलेत म्हणे. आता यंत्र ऐकेल."

"एका आवाजावर यंत्र शिकत नाही, असं मॅडम म्हणाल्या. डाव्या बाजूचा थोडा निराळा येणार. भोंगा चालू ठेवला तर ते भलतीकडंच ओरडणार, मॅडमना सारखा हात उचलावा लागणार आणि गाठ आत राहणार. माझी नस मरताना कशी वाजते ते जगात तुम्ही एकटेच ओळखता. मी तर ऐकूही शकत नाही."

दस्तगीरभाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण पोरीसमोर ते निभेना.

"मी समितीला खोटं सांगितलं," ते म्हणाले. "मला कळलं नाही असं म्हणालो. खरं असं आहे, पोरी, की मला तो गोड लागला. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मला तो पुरा ऐकायचा होता. तिकडं तुझी बोटं जात होती आणि मी इथं आनंदानं रडत होतो."

गिरिजाच्या काचेवर अक्षरं सरकत गेली. तिनं ती वाचली. मान हलवून अक्षरं मागे नेली आणि पुन्हा वाचली.

"आन् तुमी निस्तं आयकत बसलासा?" शालनबाई उठून उभ्या राहिल्या. "माझ्या लेकीचा हात जाताना? गोड लागला म्हणून?"

दस्तगीरभाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि ते ढसाढसा रडले. मुलगा आतून धावत आला आणि दारातच थबकला.

गिरिजानं डाव्या हातानं आईला खाली बसवलं. मग पुढे वाकून तिनं दस्तगीरभाईंचे हात तोंडावरून बाजूला केले, एक एक करून, कारण तिला एकाच हातानं ते करावं लागत होतं.

"तो आवाज काय होता ते आता कळलंय ना तुम्हाला?" तिनं विचारलं.

त्यांनी मान डोलावली.

"मग खरं सांगा, चाचा. माझ्याकडे बघून सांगा. तो पुन्हा तसाच आला, तेवढाच गोड, तर पहिल्या सेकंदाला 'थांबा' म्हणून तो मोडायला जमेल तुम्हाला?"