कोऱ्या चिठ्ठ्यांची पुस्तकं

“ताई, गोगलगाय पळाली!”

“गोगलगाय आणि पळाली?” ताईचा मित्र चष्म्या खो खो हसला. “मग कासवाने काय विमान पकडलं?”

पण ताईची धाकटी बहीण पिटुकली रडकुंडीला आली होती. वाचनालयाच्या बालविभागात, सतरंजीला लागून असलेल्या खालच्या फळीवर काल तिचं गोगलगायीचं पुस्तक होतं. आज तिथे नुसती भिंत दिसत होती. गांडुळाचं पुस्तक नाही, विहिरीचं नाही, क्रेनचं नाही. आख्खी फळी साफ!

पिटुकली पाच वर्षांची झाली तरी ‘हे’ आणि ‘ते’ एवढ्यावरच काम भागवायची. शाळेतल्या बाई आईला म्हणाल्या होत्या, “मुलगी हुशार आहे हो, पण तिच्यापाशी शब्दच नाहीत.” सुट्टी लागल्यापासून ताई तिला रोज इथे आणून वाचून दाखवायची. राजा-राणीच्या गोष्टी ऐकताना ही बया जांभया द्यायची. पण खऱ्या किड्यांची, खऱ्या यंत्रांची पुस्तकं उघडली की डोळे विस्फारून म्हणायची, “पुन्हा!” आणि परवा जेवताना तिने काय म्हणावं? “आई, गांडूळ माती भुसभुशीत करतं.” आईच्या हातातला डाव हातातच राहिला!

आणि आता ती पुस्तकंच गायब! शाळा तर दहा दिवसांवर आलेली.

तेवढ्यात त्यांची मैत्रीण भिरभिरी धापा टाकत आली. ती कधी चालतच नाही, सदा पळत असते. “मागच्या अंगणात चला! गठ्ठे बांधलेत! रद्दीवाला आलाय!”

सगळे धूम पळाले. अंगणात ओल्या कुंड्यांशेजारी सुतळीने बांधलेले गठ्ठे पडले होते. रद्दीवाला काटा लावत होता आणि शिक्केकाका कमरेवर हात ठेवून उभे होते. पुस्तक देताना तारखेचा शिक्का धाडकन मारायचे, म्हणून ते शिक्केकाका!

“काका, ही आमची पुस्तकं आहेत!” ताई ओरडली.

“तुमची कुठली? हे बघ.” काकांनी एका पुस्तकाचं मागचं पान उघडलं. तिथे चिकटवलेली तारखांची चिठ्ठी कोरी होती. “तीन वर्षांत एकही शिक्का नाही. कोणी नेतच नाही. नियम म्हणजे नियम!”

चष्म्याने ते पुस्तक हातात घेऊन उलटसुलट केलं. पानांचे कोपरे मऊ पडले होते. गांडुळाच्या चित्रावर इवल्या इवल्या बोटांचे डाग होते.

“काका, हे कोणी वाचत नाही ना?”

“नाही म्हटलं ना!”

“मग याच्या पुठ्ठ्यावर दात कोणी मारलेत? उंदराने? आणि उंदीर खाऊची बोटंही पुसून गेला वाटतं!”

रद्दीवाला फिसकन हसला. ताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “अहो काका, कार्ड वयाची सात वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं! छोटी मुलं पुस्तकं घरी नेणार कशी? ती सतरंजीवर बसूनच वाचतात. शिक्का लागणारच कुठून?”

काका क्षणभर गडबडले, पण माघार कसली घेतात! “एवढुशा पोरांना काय कळतं यातलं? नुसती चित्रं बघतात. उचला हो तुम्ही!”

ताईने डोळ्यांनी खुणावलं आणि भिरभिरी वाऱ्यासारखी वरच्या मजल्याकडे सुटली. ग्रंथपाल बाई तिथे बैठकीत होत्या.

रद्दीवाल्याने सुतळी कापायची सुरी घ्यायला हात पुढे केला. दोन गठ्ठ्यांच्या फटीत ती धार वर करून खोचलेली होती.

“थांबा!” पिटुकली किंचाळली.

कुंडीतून चढलेली एक गोगलगाय थेट त्या धारेकडे निघाली होती!

“अरे, मरेल ती! काढा तिला!” ताई पुढे झेपावली.

“नको!” पिटुकलीने तिचा फ्रॉक घट्ट धरला. “तिला काही नाही होत. ती स्राव सोडते.”

“काय सोडते?” शिक्केकाकांनी कान पुढे केला.

“स्राव. म्हणजे चिकट रस. तो खाली पसरतो, मग तिला धार कापत नाही. बघा ना!”

सगळे खाली वाकले. गोगलगायीने अंग लांबवलं. वरची दोन शिंगं हलली. “त्यांच्या टोकाला तिचे डोळे असतात,” पिटुकली कुजबुजली. गोगलगाय धारेवर चढली. तो मऊ, ओला देह त्या पात्यावरून सावकाश, अगदी सावकाश पुढे सरकला आणि पलीकडच्या पुठ्ठ्यावर उतरला. कुठे ओरखडा म्हणून नाही! पात्यावर नुसती एक चकचकीत रेघ राहिली.

रद्दीवाल्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. “आयुष्य सुऱ्या चालवण्यात गेलं,” तो म्हणाला, “पण असं कधी पाहिलं नाही बुवा!”

पण ताई गोगलगायीकडे बघतच नव्हती. ती आपल्या बहिणीकडे बघत होती. पिटुकलीने हे याआधी कधीच पाहिलं नव्हतं. तिने ते फक्त ऐकलं होतं, आणि तेवढ्या ऐकण्यावर तिला पक्की खात्री होती! ताईचे डोळे भरून आले.

“मीही पाहिलं,” मागून आवाज आला. भिरभिरीच्या मागे ग्रंथपाल बाई उभ्या होत्या. चष्म्याने सगळी हकिगत सांगितली, तेव्हा त्यांनी कोरी चिठ्ठी नीट निरखली.

“चूक नुसती यांची नाही, माझीही आहे,” त्या म्हणाल्या. “आम्ही चिठ्ठ्या पाहिल्या, पानं नाही पाहिली. शाबास रे मुलांनो! सोडा ते गठ्ठे. आजपासून पाच वर्षांच्या मुलांनाही कार्ड मिळेल.”

संध्याकाळपर्यंत फळी पुन्हा भरली. शिक्केकाकांनी स्वतः सगळी पुस्तकं लावली आणि शेवटचं हातात धरून ते अवघडत सतरंजीवर टेकले.

“काय गं, हे विहिरीचं मला वाचून दाखवशील?”

“मला अजून वाचता येत नाही,” पिटुकली त्यांना खेटून बसत म्हणाली. “तुम्ही वाचा. अडलं तर मी सांगेन.”