बाईंची चौदा तारीख

कुणाला पटो न पटो, ही घटना खरी आहे. माझ्या मावसबहिणीच्या, म्हणजे आमच्या ताईच्या बाबतीत घडलेली. गेल्या गुरुवारची. दुपारचा दीड वाजला होता, ऑफिसात लख्ख उजेड होता आणि बाकीचे सगळे जेवायला गेले होते.

ताई एका हॉस्पिटलच्या बुकिंगची वेबसाइट सांभाळते.

आदल्या महिन्यात शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी हृदयाच्या ऑपरेशनसाठी मोबाइलवरून चौदा तारीख घेतली. ब्राउझरने चौदा तारीख सुरू होते ती मध्यरात्र जागतिक वेळेत, म्हणजे साडेपाच तास मागे, बदलून पाठवली. त्या घड्याळात अजून तेराचीच संध्याकाळ होती. सर्व्हरने वेळ छाटली आणि नुसती तेरा लिहून ठेवली. बाईंना मात्र मोबाइलवर चौदाच दिसत राहिली.

चौदाला बाई सकाळी सकाळी उपाशीपोटी हजर झाल्या.

"तुमचा नंबर काल होता," काउंटरवरून उत्तर मिळालं. "आता तीन आठवड्यांनी या."

नवव्या दिवशी बाई गेल्या.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण ही चूक तिने दोन महिन्यांपूर्वीच साहेबांच्या कानावर घातली होती. "एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय?" म्हणून त्यांनी तिला उडवून लावलं होतं. आता तेच साहेब तिच्याकडून रिपोर्ट मागत होते. 'पेशंट ठरल्या तारखेला आल्या नाहीत.' खाली सही ताईची. नाही म्हटलं, तर नोकरीला रामराम.

दातओठ खात तिने ते वाक्य टाइप केलं.

आणि...

"टोकन नंबर सतरा."

सतरा हा बाईंचाच नंबर. नंबर पुकारणारं यंत्र चाचणीसाठी आणून कपाटावर ठेवलेलं होतं. ताईने वळून पाहिलं.

त्याची वायर गुंडाळलेलीच होती...

स्क्रीनवर नवं बुकिंग आलं. बाईंच्या खात्यातून. या महिन्याची चौदा.

सर्व्हरने लिहिली... तेरा.

पुन्हा चौदा. पुन्हा तेरा.

तिने खातं बंद केलं. बुकिंग येतच राहिलं.

भीतीपेक्षा राग मोठा होता. साहेबांवर होता, स्वतःवर त्याहून जास्त. "थांबा हो बाई, करते मी!" ती मोठ्याने ओरडली. कुणालाही न विचारता तिने कोड बदलला. आता नुसता दिवस, महिना, वर्ष जाणार. वेळेची भानगडच नको.

पुढचं बुकिंग आलं. चौदा...

चौदाच लिहिली गेली.

मग सगळं शांत झालं.

थोड्या वेळाने साहेब डोकावले. "झाला का रिपोर्ट?"

"झाला. खरं काय ते लिहून हॉस्पिटलला पाठवलंयसुद्धा. बाई आल्या होत्या, साहेब. आपण त्यांना परत पाठवलं. आता मला काढायचं तर खुशाल काढा!"

मग तिने बाईंच्या मुलीला फोन लावला. झालेलं सगळं कबूल केलं आणि शेवटी भीत भीत विचारलं, "आईंचा मोबाइल सध्या कोण वापरतं?"

मुलगी भडकली. "आईला मारलंत ते मारलंत, वर चेष्टा करताय? ती गेली त्या दिवसापासून तो बंद आहे. माझ्या कपाटात!"

ताईने माफी मागून फोन ठेवला.

ते बुकिंग तिने तीनदा खोडलं. तिन्ही वेळा ते परत आलं...

परवा चौदा तारीख आहे. ताईने रजा टाकलीय. ती सकाळपासून त्या काउंटरपाशी बसणार आहे.

"वेड लागलंय का तुला?" मी म्हटलं. "कशाला जातेस?"

"या वेळी त्यांना कुणी परत पाठवू दे," ती म्हणाली, "मग बघतेच मी."