हनुवटीपाशी गळती

पाण्याखाली घालायचा पूर्ण चेहऱ्याचा मास्क नवा होता, पट्टे घट्ट होते, काचेला तडा नव्हता. तरीही हेमांगीआत्याच्या हनुवटीपाशी पाणी आत शिरत होतं. मालवणच्या चाचणी टाकीत ती दुसऱ्यांदा नापास झाली.

"शेवटची संधी, वीस मिनिटांनी," चाचणीप्रमुख कणेकर म्हणाले. "नाहीतर उद्या समुद्रतळावरच्या प्रयोगशाळेत तुमच्याऐवजी दुसरं कुणी जाईल."

तिथल्या प्रवाळांवरच्या साठ दिवसांच्या कामासाठी आत्याने सहा वर्षं तयारी केली होती. निरोप द्यायला तिची अकरा वर्षांची भाची अन्विता आली होती. तिने मास्क उचलला. रबरी कडेवर त्वचेच्या रंगाचा थर होता. त्यावरून बोट सर्रकन घसरलं.

"आत्या, मेकअप लावलायस?"

"हळू बोल ना!" आत्याने तिला शेजारच्या तपासणीच्या खोलीत ओढून दार लोटलं. "मुरूम झाकायला. काल तो आमच्या तुकडीतला महाडिक सगळ्यांसमोर म्हणाला, 'मॅडम, चौतिसाव्या वर्षी दहावीला बसताय का?' आणि आज तर कॅमेरे लावलेत."

"मग पुसून टाक."

"हे दाखवू लोकांना?" आत्याने गाल पुसला. जबड्याच्या कडेने लाल गाठी होत्या, मधली त्वचा सोलवटलेली. "दिवसातून चारदा मसूरडाळीच्या पिठाने घासते. वर लिंबू. तरी जात नाहीत."

"घासल्यामुळेच चिघळले," कोपऱ्यातला वैद्यकीय रोबो निरू म्हणाला. "मुरूम म्हणजे मळ नव्हे. त्वचेत तैलग्रंथी (तेल तयार करणाऱ्या बारीक पिशव्या) असतात. तेल आणि मृत पेशी मिळून त्यांचं तोंड बंद करतात. आत जिवाणू वाढतात, सूज येते."

"पण ते मोठ्या मुलांना होतं ना?" अन्विताने विचारलं.

"मोठ्या बायकांनाही होतं. त्यांच्या शरीरातली संप्रेरकं (रक्तातून फिरणारे रासायनिक निरोप) पाळीच्या आसपास कमीजास्त होतात. मग ग्रंथी जास्त तेल सोडतात, बहुधा जबड्याकडे."

"औषध दे. लवकर!" आत्या घड्याळाकडे बघत म्हणाली. नऊ मिनिटं उरली होती.

"आजच्या आज गुण देणारं औषध कुणाकडेच नाही. त्वचारोगतज्ज्ञांना विचारून मलम सुरू करू. मटारच्या दाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्यावर पातळ. काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, म्हणून मनाने काही घ्यायचं नाही. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा धुवायचं, फोडायचं नाही. फरक पडायला आठ ते बारा आठवडे लागतात."

"म्हणजे मी गेले."

"नाही गं!" अन्विता जवळजवळ ओरडली. "पाणी मुरुमांमुळे नाही शिरत. मेकअपवरून रबर घसरतंय!"

"बरोबर," निरू म्हणाला. "मेकअप काढला तर फक्त रबराखाली त्वचा चुरचुरेल. मास्क काढला की तो धुऊन कोरडा करायचा."

आत्या आरशासमोर थांबली. मग नळ सोडला आणि चेहऱ्यावरचा उरलेला सगळा थर धुऊन टाकला, मास्कच्या कडेवरचाही. कॅमेऱ्यांसमोरून ती टाकीकडे गेली, तेव्हा महाडिकने दोनदा वळून पाहिलं. आत्याने मास्क चढवला आणि बुडी मारली.

एक मिनिट. तीन. अन्विताची नजर काचेआडच्या हनुवटीवर खिळली होती. पाच मिनिटं झाली. आत कोरडं होतं. कणेकरांनी अंगठा वर केला.

"साठ दिवस म्हणजे साडेआठ आठवडे," टॉवेल पुढे करत अन्विता म्हणाली. "वर येशील तेव्हा फरक दिसायला लागेल."

"आणि नाही दिसला तर?"

"डॉक्टर औषध बदलतील. तू मात्र प्रवाळांचे फोटो पाठव. तुझे नकोत, तुझा चेहरा मला पाठ आहे."

आत्या चेहरा न झाकता हसली.