वीतभर अंतरावरची ज्योत

"ओठांचा चंबू करायचा नाही. तोंड आ वासून फुंकायचं, आणि काडी तोंडापासून एक वीत लांब. नियम म्हणजे नियम," शंकासुराने बजावले.

सुट्टीतल्या त्या रटाळ दुपारी काडी विझवण्याचा हा खेळ त्यानेच काढला होता. ज्याला त्याला शंका विचारणारा हा चष्मेवाला मुलगा टिटवीच्या काकाच्या शेजारी राहत असे. त्याचा धाकटा भाऊ भोपळ्या नावाला साजेसा गोल होता. आणि काटकुळ्या पायांची टिटवी सुट्टीसाठी काकाकडे आली होती. काका दगडाच्या कारखान्यात नावांच्या पाट्या आणि स्मारकशिला कोरायचा. जेवणाची वेळ होती, कापण्याचे चाक थांबले होते, आणि कारखान्याच्या अंगणात पडलेली शांतता कानांना अनोळखी वाटत होती.

भोपळ्याने काडी विझवली. टिटवीनेही विझवली.

"आता तू, काका," ती म्हणाली.

"पोरासोरांत मला कशाला ओढता," म्हणत काका पुढे झाला. दोघांना न हलणारी शिळा तो एकटा उचलत असे. त्याने छाती भरून घेतली आणि फुंकर घातली. ज्योत जराशी वाकली आणि पुन्हा ताठ उभी राहिली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी फुंकरीऐवजी खोकला आला, आणि तो लवकर थांबेना.

"मुद्दाम हरलात ना, काका?" भोपळ्याने विचारले.

"हो रे बाबा. पाहुणी आलीय घरी, तिला जिंकू द्यायला नको?"

सगळे हसले. टिटवीला मात्र हसू आले नाही. विझलेली काडी उचलणाऱ्या काकाच्या बोटांकडे तिचे लक्ष गेले होते. त्याची नखे शाईत बुडवल्यासारखी निळसर दिसत होती.

दुसऱ्या दिवशी तिघांनी खेळ सगळ्या कारखान्यात फिरवला. फाटकावरच्या रखवालदाराने काडी विझवली, वर मिशीवर ताव दिला. चहावाल्या मावशींनी बोलता बोलता विझवली. कापायच्या चाकाशी मात्र तीनच माणसे काम करत: काका, त्याचा जुना जोडीदार, आणि नुकताच लग्न होऊन कामाला लागलेला एक तरुण, ज्याला सगळे नवरदेव म्हणत. जोडीदाराला काडी विझवता आली नाही. नवरदेवाला दुसऱ्या खेपेस जमली, आणि तो उगाच लाजला.

"बाहेरच्यांना जमतं, आतल्यांना जमत नाही," शंकासुर हळूच म्हणाला. "मला शंका येतेय."

"तुला कधी येत नाही?" भोपळ्या म्हणाला, पण त्याचाही आवाज खाली गेला होता.

शंकासुराची आत्या डॉक्टर होती आणि तिचा दवाखाना गल्लीच्या टोकाला होता. खेळाची हकिगत ऐकताना तिने हातातले पेन खाली ठेवले.

"छातीत एक उलटं झाड असतं असं समजा," ती म्हणाली. "गळ्यापाशी खोड, खाली फांद्या, आणि टोकांना पानांऐवजी इवलेसे फुगे. प्रत्येक फुग्याभोवती केसाहून बारीक रक्तवाहिन्यांची जाळी. रक्त तिथे येतं, प्राणवायू उचलतं, हृदयाकडे जातं आणि अंगभर वाटतं. रक्ताला तो पुरेसा मिळाला नाही की नखं निळी पडतात."

"आणि धूळ गेली तर?" टिटवीने विचारले.

"जाडी धूळ नाकात, घशात अडकते. दगडाची बारीक धूळ थेट फुग्यांपर्यंत पोचते. तिथे शरीराचे पहारेकरी असतात, रक्षक पेशी. जंतू दिसला की त्या तो गिळतात आणि पचवून टाकतात. त्या दगडाचा कणही गिळतात. पण दगड कसा पचणार? पेशी मरते आणि कण मोकळा होतो. मग दुसरी धावून येते, तीही मरते. ही लढाई जिथे होते तिथे घट्ट वण उरतो. वण फुगत नाही, आकसत नाही. हृदयाला मग त्याच रक्तासाठी जास्त जोर लावावा लागतो."

"वण जातो ना पण?"

आत्याने मान हलवली. "नाही गं. धुळीतून माणूस बाहेर काढला तर पुढची हानी कमी करता येते. एवढंच आपल्या हातात असतं. तुझ्या काकाला मी दोनदा एक्स-रे काढायला सांगितलं. तो येतच नाही. पण मला कळत नाही, तिथे धूळ उडतेच कशी? चाकावर सतत पाणी सोडतात ना? दगड ओला असला की धुळीचा चिखल होऊन गटारात जातो. कारखाना तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी ते पाणी स्वतः पाहिलंय."

तिघे तडक कारखान्याच्या मागे गेले. चाकाकडून येणारे गटार तिथे भिंतीतून बाहेर पडत होते. अरुंद तोंडातून टिटवीच काय ती आत सरपटू शकत होती. तिचा हात ओल्या चिखलाला लागेल असे तिला वाटले होते. लागले ते काहीतरी मऊ आणि उबदार. मांजरीची तीन पिल्ले. पिठात लोळल्यासारखी पांढरी, कोरड्या पाल्यात गुरफटलेली. एक शिंकले आणि डोळे उघडून तिच्याकडे पाहू लागले.

संध्याकाळी तिने काकाला एकट्याला गाठले.

"काका, पाणी बंद असतं ना?"

काकाने पायांवरची धूळ झटकली. "मीच बंद करायला लावलं. ओल्या दगडावर पेन्सिलीची रेघ पुसून जाते. एक अक्षर चुकलं की अख्खी शिळा वाया. मालकालाही बरंच झालं, चिखल उपसायला माणूस नको. अधिकारी यायचा असला की तेवढा नळ सोडतात."

"पण तुला ठाऊक होतं, ही धूळ..."

"खोकला तर सगळ्यांनाच येतो, असं म्हणत राहिलो. आता तू गप्प बस, पोरी. काम बंद पडलं तर तीन घरांच्या चुली विझतील."

"नवरदेवाची काडी अजून विझते, काका," टिटवी म्हणाली.

अधिकाऱ्यांची तपासणी दुसऱ्याच सकाळी होती, हे चहावाल्या मावशींकडून कळले.

"पिल्लं आधी बाहेर काढली तर पुरावा गेला," शंकासुर म्हणाला.

"आणि नाही काढली तर ती बुडतील," टिटवी म्हणाली. "मला हे चालणार नाही."

तोड भोपळ्याला सुचली. सकाळी चाकाची शेड उघडताच टिटवी आत घुसली आणि गटाराच्या आतल्या तोंडाशी तिने एक फरशी घट्ट बसवली. फटींत चिंध्या कोंबल्या. थोड्या वेळाने अधिकारी आले. मालकाने ऐटीत नळ सोडला. चाकावर धार पडू लागली, पण पाणी वाहून जाण्याऐवजी फुगत गेले आणि पाहता पाहता अधिकाऱ्यांच्या बुटांत शिरले.

"रोज पाणी वाहतं ना इथे? मग गटार तुंबलं कसं?" त्यांनी विचारले.

"कचरा असेल, साहेब. पोरं टाकतात," मालक म्हणाला.

"आम्ही दाखवतो कचरा," दारातून भोपळ्या म्हणाला.

मागच्या बाजूला, सगळ्यांसमोर टिटवी आत सरपटली आणि एकेक पिल्लू फ्रॉकच्या ओच्यात घालून बाहेर आली. अधिकाऱ्यांनी कोरडा पाला बोटांत चुरगाळला. मग एका पिल्लाची हनुवटी उचलून पाहिली.

"डोळे उघडलेत यांचे," ते म्हणाले. "म्हणजे आठ-दहा दिवसांची तरी आहेत. ही जन्मल्यापासून इथे पाण्याचा थेंब आलेला नाही."

"नळ मधेच बिघडला होता, साहेब, कालच दुरुस्त..." मालक घाईने म्हणाला.

"बिघडला नव्हता," मागून काकाचा आवाज आला. त्याचा हात नवरदेवाच्या खांद्यावर होता. "मी बंद करायला सांगितला आणि मालकांनी केला. इतकी वर्षं. माझं जे व्हायचं ते झालं, साहेब. हा पोरगा अजून कोरा आहे."

चाकाला त्याच दिवशी कुलूप लागले. पाणी आणि तोंडावरचे मास्क सक्तीचे झाल्यावरच ते पुन्हा फिरले, आणि मधल्या काळात तिघांचा पगार मालकाने द्यावा असे अधिकाऱ्यांनी बजावले. तिघांचे एक्स-रे निघाले. नवरदेवाची फुप्फुसे स्वच्छ होती. जोडीदाराच्या आणि काकाच्या चित्रांत जणू चांदण्या विखुरल्या होत्या. ते ठिपके कसले, हे टिटवीला कोणी सांगायची गरज नव्हती.

"आम्ही मोठी माणसं एक्स-रेची वाट पाहत बसलो," आत्या म्हणाली, "तुम्ही एक काडी पेटवलीत. शाबास." अधिकाऱ्यांनीही भोपळ्याची पाठ थोपटली, आणि तो दिवसभर ती पाठ सगळ्यांना दाखवत फिरला.

ओल्या दगडावर रेघ कशी टिकणार, हा काकाचा प्रश्न उरलाच होता. भोपळ्याने आपल्या रंगपेटीतून मेणाचा खडू काढून दिला. काकाने ओल्या शिळेवर एक अक्षर रेखले आणि वर तांब्याभर पाणी ओतले. अक्षर जागच्या जागी होते. काका त्याच्याकडे पाहतच राहिला.

"इतकं सोपं होतं होय," तो म्हणाला.

आता तो आणि जोडीदार चाकाशी बसत नसत. काका अंगणातल्या मोकळ्या हवेत बसून नुसती अक्षरे रेखून देई. सुट्टी संपली त्या दिवशी टिटवी निरोप घ्यायला गेली तेव्हा त्यानेच काडेपेटी पुढे केली. तिने काडी पेटवून वीतभर अंतरावर धरली. काकाने फुंकर घातली. ज्योत वाकली आणि पुन्हा ताठ झाली. टिटवीने नकळत हात थोडा पुढे सरकवला.

"वीत म्हणजे वीत," काका मऊ आवाजात म्हणाला. "लबाडी नको."

तिने हात मागे घेतला. दोघे ज्योतीकडे पाहत राहिले. ती काडीवरून हळूहळू मागे सरकत टिटवीच्या बोटांपर्यंत आली.